साबणवालीची बॅच

— तो शब्द इथे खाली नका वापरू, साहेब. 'अभिनव प्रक्रिया' — वर ऑफिसात ठीक आहे, तिथे गालिचा आहे, काहीही खपतं. इथे शॉपफ्लोअरवर माणसं हसतील तुम्हाला. आम्ही तिला साबणवालीची बॅच म्हणायचो. हो, साबणवाली. रसायनशास्त्रातली डॉक्टर होती ती, माहिती आहे मला, मोठी पदवी होती, परदेशात चार वर्षं काढून आली होती — तसे डॉक्टर मी एकतीस वर्षांत नऊ पाहिले. आले आणि गेले. कुणी सहा महिने टिकला, कुणी दोन वर्षं. ही केटल — ही रसायन शिजवायची मोठी टाकी — तेवढी जागेवरून हलली नाही, आणि मी. बसा ना, उभे का? ती खुर्ची नको, तिचा पाय हलतो. इकडे बसा. चहा सांगतो. बिनसाखरेचा? — बरं. तर तुम्हाला जाणून घ्यायचंय की दोन वर्षांपूर्वी ती बॅच का फसली. एवढ्यासाठी इतक्या लांब आलात? फोनवर सांगितलं असतं की. पाण्याने मारली. झालं, लिहा — पाण्याने मारली — आणि चहा पिऊन निघा.

नाही पटत? बरं, मग मुळापासून सांगतो, कारण तुम्ही इंजिनिअर दिसता, पण पाइप आणि पंपवाले — रसायनवाले नाही. बरोबर ना? हातांवरून कळतं. आमचा धंदा काय, तर रंगात असतं, गोंदात असतं, ते पांढरं दूध बनवणं. पाणी घ्यायचं, त्यात साबण, मग ते उग्र वासाचं रसायन सोडायचं, ढवळायचं, तापवायचं आणि चिमूटभर पावडर टाकायची, जिने सगळं पेटतं — पेटतं म्हणजे जाळ नाही हो, आतल्या आत. केटल आपोआप गरम व्हायला लागते, आणि पाण्यात साबणाच्या पोटात इवले इवले मणी तयार होतात. केसाच्या जाडीत सातशे-आठशे मावतील इतके बारीक. ते वाळले की एकमेकांना चिकटतात, पापुद्रा होतो, तोच तुमच्या भिंतीवरचा रंग धरून ठेवतो. एकतीस वर्षं मी हे करतोय. काचेच्या बाटलीत सॅम्पल घ्यायचं, खिडकीकडे धरायचं — कडेला निळसर झाक दिसली की मणी बारीक, पांढरं फटक दिसलं की जाडे. तुमचं ते कणमोजणीचं यंत्र दुपारी जे सांगतं ते मी सकाळीच सांगतो. विचारा कुणालाही.

आणि मग ही आली. म्हणे पावडर नको, ते उग्र रसायन नको, आपण गॅस वापरू — ज्या गॅसपासून पिशव्यांचं प्लास्टिक होतं, तो. तो दाबाखाली पाण्यात सोडायचा आणि कॅटालिस्ट — शाळेत उत्प्रेरक म्हणतात तो — त्याचे मणी करणार. मी म्हटलं, बाई, असला कॅटालिस्ट — त्याला पाण्याचा थेंब लागला की तो मेला. पुस्तकात पहिल्या पानावर असतं. त्या प्लास्टिकच्या कारखान्यांत पाण्याचा अंश राहू नये म्हणून लोक जिवाचं रान करतात, आणि ही त्याला अख्ख्या पाचशे लिटर पाण्यात बुडवायला निघालेली. तर हसली. हसायची फार, तिथेच मला चीड यायची. म्हणाली, "फोरमन, माझा पोहायला शिकलाय." पोहायला शिकलाय. शाळेतल्या मुलांना सांगावं तसं.

काय म्हणालात? — हो, प्रयोगशाळेत चालायचं, ते कोण नाकारतंय. तिचा कॅटालिस्ट म्हणजे नारिंगी पावडर, चमचाभर, ती थोड्याशा तेलात विरघळवायची, मग ते तेल साबणाच्या पाण्यात घालून त्या किंचाळणाऱ्या यंत्राखाली धरायची — इतकं बारीक चिरून काढायची तेल, की थेंब डोळ्याला दिसू नये. मग गॅस. प्रत्येक थेंबात कॅटालिस्टचा कण बसलेला, तो गॅस ओढून घेतो आणि एकेक कडी जोडत जातो, सुईत दोरा ओवत गेल्यासारखा. आमच्या पद्धतीत कसं, सगळी ढकलाढकली, जो ज्याला चिकटला तो चिकटला. तिच्यात शिस्त. लिटरभर भांड्यात व्हायचं, मस्त व्हायचं, खोटं का बोलू. एकदा तिने बाटली माझ्या हातात दिली, मी खिडकीकडे धरली — अशी निळी झाक मी आयुष्यात पाहिली नव्हती. काचेवर पसरून वाळवलं, तर पापुद्रा इतका स्वच्छ की खालची अक्षरं वाचता येत होती, आणि नखाने निघेना. बाटली परत दिली. बोलण्यासारखं काय होतं — लिटरभरात कुणीही करेल. लिटरभरात माझी बायकोसुद्धा करेल. पाचशे लिटरला या, मग बोलू.

तर त्यासाठी ती ठेंगणी केटल आणली. पाहिलीत ना येताना, जिन्याखाली, कापड टाकलेली? जाड भिंतीची, दाब धरणारी. आमच्या वरच्या साहेबांनी हट्टाने आणली. आणि डॉक्टरबाईंच्या हाताखाली म्हणून एक ट्रेनी दिली. ती — ती माझी मुलगी होती. आहे. माझी थोरली. लायकीवर लागली हो इथे, मी शब्द टाकला नव्हता. पहिल्या वर्गात पास झालेली, मी कशाला शब्द टाकू? मला वाटलं होतं, चला, बापाच्या हाताखाली शिकेल, केटल कळेल, ती नुसती कागदावर राहणार नाही. कुठलं काय. सहा महिन्यांत घरात जेवायला बसलं की सुरू — मॅडम असं म्हणतात, मॅडम तसं म्हणतात. भाजीचा घास घ्यावा आणि मॅडम. पाणी प्यावं आणि मॅडम. तिची आई हसायची. मी ताटावरून उठायचो. तुम्ही म्हणाल, मी बाईला पाण्यात पाहत होतो. म्हणा खुशाल. एकतीस वर्षांत मला कुणी विचारलं नाही की तुम्हाला पोहता येतं का म्हणून.

आणि ऐका, ज्या दिवशी चाचणी ठरली त्याच्या आदल्या दिवशी — इथेच, या दाराबाहेर, माझी सगळी माणसं उभी. मी त्यांना समजावत होतो की उद्या ढवळणीचा वेग किती ठेवायचा, गुठळ्या का होतात. तर मागून आवाज, "बाबा, ते तसं नाहीये. फार जोरात ढवळलं तर मणी एकमेकांवर आपटून चिकटतात, मॅडमनी मोजलंय." सगळ्यांसमोर. बाबा. कारखान्यात मी तिला सांगून ठेवलं होतं, इथे फोरमन म्हणायचं. आता ती बरोबर होती की चूक, तो प्रश्न नाही — बरोबर होती, तेही सांगतो — पण माझ्या हाताखालच्या पंपवाल्याने मान खाली घालून हसू दाबलं, ते मी पाहिलं. तुम्हाला मुलगी आहे? — लहान आहे. मग थांबा दहा वर्षं.

चहा घ्या, गार होतोय.

काय विचारलंत? नायट्रोजन? — हो, सोडला ना. का? तीन तास. लॉगशीटवर आहे, सात ते दहा, खाली सही आहे. ते तिचं एक खूळ होतं म्हणा, पण केलं. कॅटालिस्टचं पाण्याशी भांडण नाही म्हणे, पाण्यात विरघळलेल्या हवेशी आहे — त्यातला ऑक्सिजन त्याला मारतो. म्हणून आधी पाण्यात नायट्रोजनचे बुडबुडे सोडायचे, तीन तास, म्हणजे हवा निघून जाते. मग झाकण बंद, कॅटालिस्ट आत, गॅस आत. सूचना स्पष्ट होती, तीन तास.

काय — पुरत नाहीत? कोण म्हणतं तीन तास पुरत नाहीत? तुमचे लोक? हिशेब करून? अहो, उंटावरून शेळ्या हाकणारे तुमचे लोक. पाचशे लिटर पाणी, तळाला भोकांची नळी, आणि तीन तासांत हवा निघत नाही म्हणता? म्हणजे त्यांच्या मते मोठ्या केटलमध्ये हवा जातच नाही, म्हणून कॅटालिस्ट मेला, म्हणून ही पद्धत मोठ्या प्रमाणावर कधी होणारच नाही — असं? आणि तुम्ही तसं लिहून देणार? हे बघा, तुमची ती हिशेबाची वही ठेवा बाजूला आणि माझं ऐका. त्या ठेंगण्या केटलबद्दल मला सांगू नका. मी स्वतः मोजलंय. सांडपाण्याच्या टाकीवर एक मीटर असतो, पाण्यात किती ऑक्सिजन विरघळलाय ते दाखवतो — तो आणला, साखळीने लोंबकळवून केटलमध्ये सोडला, आणि नायट्रोजन चालू केला. सुरुवातीला आठ होता आकडा. चाळीस मिनिटांना तीन. तीन तासांना शून्य — शून्य, साहेब, काटा हलेना. तीन तास भरपूर झाले. केटलमध्ये काही दोष नाही. लिहा, केटलमध्ये दोष नाही.

कधी म्हणजे? नंतर. असंच. एका सुट्टीच्या दिवशी आलो होतो, कुणी नव्हतं. कामगाराने आपलं यंत्र ओळखू नये का?

चाळीसला का मोजलं? — अहो, मध्ये कुठेतरी मोजायचं म्हणून मोजलं. तीसला मोजलं असतं, पन्नासला मोजलं असतं.

तुम्ही असं बघू नका माझ्याकडे. नाही, लिहू नका, आधी ऐका. तुम्ही इंजिनिअर लोक एक आकडा हाती लागला की लगेच लिहायला घेता. त्या दिवशी सकाळी सातला मी नायट्रोजन सुरू केला, हे खरं. मुलगी वर प्रयोगशाळेत, बाईंबरोबर कॅटालिस्ट तयार करत होती. ते अगदी शेवटच्या क्षणी करायचं असतं, त्यामुळे खाली मी आणि पंपवाला. नऊला संचालक येणार, त्यांना साडेदहाला गॅसच्या दाबाचा काटा उतरताना दाखवायचा. मी तिथे उभा, बुडबुड्यांचा आवाज ऐकत. गुडगुड, गुडगुड. एकतीस वर्षांचा माणूस, आणि काम काय, तर पाण्यातून हवा काढा. पाण्यातून. डोक्यात तेच — बाबा, ते तसं नाहीये. आणि पंपवाला म्हणाला, "फोरमन, पाण्याला उपास घडवताय का?" आणि पुन्हा तसंच हसला. मी व्हॉल्व्ह बंद केला. घड्याळ पाहिलं, सात चाळीस. म्हटलं, चाळीस मिनिटं काय आणि तीन तास काय. चालायची असेल तर चालेल. नाही चालली, तर बाई उतरेल जमिनीवर. इतकाच विचार होता. मुद्दाम नाही केलं — मुद्दाम म्हणजे, बॅच मारायला म्हणून नाही. मला खरंच वाटत होतं की ते खूळ आहे. अर्धं वाटत होतं. बाकीचं अर्धं — ते जाऊ द्या.

दहाला मुलगी खाली आली, लॉगशीट घेऊन. "बाबा, तीन तास झाले?" — तेव्हा मात्र हळू विचारलं, कुणाला ऐकू जाऊ नये असं, मागच्या दिवसाचं तिलाही लागलं असावं. मी म्हटलं, झाले. तिने लिहिलं. सात ते दहा. सही केली. पेनाचं टोपण लावलं, ते दातांत धरायची सवय आहे तिला लहानपणापासून.

मग काय व्हायचं तेच झालं. गॅस आत सोडला, दाब चाळीसवर नेला. आता खरं तर आत मणी व्हायला लागले की गॅस खर्च होतो, काटा उतरतो, आपण पुन्हा भरायचा. काटा उतरेना. दहा मिनिटं, वीस मिनिटं. संचालक घड्याळ बघताहेत. बाई केटलच्या काचेला डोळा लावून उभी. तासाभराने सॅम्पल काढलं — दूध नाही, काही नाही, नुसतं साबणाचं पाणी, आणि नारिंगीचं तपकिरी झालेलं. भांडी धुतल्यावर उरतं तसं. कुणीतरी हसलं. मी नाही हसलो, शपथेवर सांगतो. मी हसणार होतो, आठ महिने वाट पाहत होतो त्याची, पण बाईने बाटली खिडकीकडे धरली, मी धरतो तशी, माझंच बघून शिकली असणार — आणि बराच वेळ धरून ठेवली. निळं दिसेल म्हणून. मला तिथे उभं राहवेना. मी पंप बघायला गेलो.

चौकशी झाली, दोन दिवसांत आटोपली. बाईने लिहून दिलं — कॅटालिस्टमध्ये अशुद्धी राहिली असावी, चूक माझी. नाचता येईना अंगण वाकडं, असंसुद्धा म्हणाली नाही. अंगणाकडे तिने पाहिलंच नाही. मी म्हटलं, बघा, एवढी शिकलेली, आणि इतकं साधं विचारायचं सुचू नये, की फोरमन, खरंच तीन तास? एका शब्दाने विचारलं असतं — मी सांगितलं असतं का? काय माहीत. पण विचारायचं सुचलं नाही, तेव्हाच मी तिची लायकी ओळखली. महिन्याभरात गेली. माझी थोरली तिच्या मागोमाग गेली. तुमच्या गावाला, हो, तिकडेच, त्या दोन खोल्यांच्या प्रयोगशाळेत. दर रविवारी आईला फोन येतो. मी घेत नाही. तिला कळलंय सगळं, म्हणून गेली ती — न बोलता गेली. मग मी कशाला फोन घेऊ, ऐकून घ्यायला?

काय?

नाही कळलेलं? — कोण म्हणतं? तुम्हाला काय ठाऊक — बोललात तुम्ही तिच्याशी? कधी, परवा? काय म्हणाली?

पुन्हा सांगा.

"बाबा म्हणाले तीन तास, म्हणजे तीन तास." असं म्हणाली. तुमच्या सगळ्या लोकांसमोर. आणि बाई? — ती पण. फोरमननी सोडला असेल तर मिनिटभरही कमी नसेल, तो माणूस केटलचा आवाज ओळखतो, तेव्हा दुसरीकडे शोधा. हे असं म्हणाली ती. साबणवाली.

आणि मग दोन वर्षं काय शोधत होत्या त्या? — कॅटालिस्ट शुद्ध करत होत्या. दोन वर्षं. पुन्हा पुन्हा. अशुद्धी नव्हतीच त्यात. मला विचारा ना, मी बाटली पाहिली होती, काय असायची अशुद्धी. दोघी मिळून दोन वर्षं नसलेली घाण उपसत बसल्या, आणि आता पैसे घालणारे तुमचे लोक म्हणताहेत की पद्धतच खोटी, मोठी केटल देऊ नका, बंद करा. आणि तुमच्या रिपोर्टवर ठरणार. म्हणून आलात तुम्ही. हे आल्या आल्या का नाही सांगितलंत? मी मघापासून इथे बडबडतोय, पाण्याने मारली, पाण्याने मारली.

विचारायचं सुचलं नाही, म्हणत होतो ना मी. सुचलं नाही नव्हे. गरज वाटली नाही तिला.

दाखवा काय लिहिलंत. द्या इकडे, मी फाडणार नाही. — 'नायट्रोजन प्रत्यक्षात चाळीस मिनिटं.' अक्षर बरं आहे तुमचं. हे कुणी सांगितलं ते नाही लिहिलंत. तसंच ठेवता येईल? म्हणजे, तपासात आढळलं, असं? इंजिनिअर लोक लिहितात तसं — आढळलं, निदर्शनास आलं — कुणी केलं त्याचा पत्ताच नाही.

नाही. नको. पेन द्या. ती सही तिची आहे त्या लॉगशीटवर, कळलं का, सात ते दहा. तुम्ही 'आढळलं' लिहिलंत तर खोटं तिने लिहिलं असं होईल. मी लिहितो. हे इथे — 'व्हॉल्व्ह मी सात चाळीसला बंद केला. ट्रेनीला दहाला तीन तास झाले असं मी सांगितलं.' आणि हे मीटरचे आकडे. आठ, तीन, शून्य. हे नीट ठेवा, हे कामाचे आहेत, तीन तास पुरतात हे त्यांना दाखवा. आणि ढवळणीचा वेग मिनिटाला साठ फेऱ्यांच्या वर नको म्हणावं. तो तिला माहिती आहे.

घ्या. माझ्यावर उपकार केल्यासारखं तोंड करू नका, मला ते आवडत नाही. आणि मी चुकलो वगैरे तुमच्यापाशी म्हणणार नाही, तुम्ही कोण माझे. तिकडच्या जिन्याने जा, इकडचा ओला आहे.

काय? — नाही. निरोप वगैरे काही नाही. निघा तुम्ही.